नऊ नंबरच्या घराचा कोपरा

नागपूर,
१७ नोव्हेंबर

प्रिय दीप्ती,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. रोज संध्याकाळी फोन होतो आपला, तरी आईला पत्र कशाला सुचलं, असं वाटलं असेल. फोनवर तुझा पहिला प्रश्न असतो, "आई, जेवलीस का?" आणि तेवढ्यानंच माझी हिंमत जाते. गेल्या आठवड्यात दोनदा मनाशी ठरवून फोन लावला आणि दोन्ही वेळा मेथीच्या भाजीवर बोलून ठेवून दिला. विहारातल्या महिला मंडळाचं इतिवृत्त सात वर्षं मीच लिहिते, त्यामुळे हाताला लिहायची सवय आहे. बोलताना माझं मले-तुले होतं, कागदावर मी जरा नीट असते. एकच कर, हे ऑफिसात वाचू नकोस. खोलीवर गेल्यावर वाच, आणि अर्धं वाचून मला फोन करू नकोस.

इकडे थंडी पडायला लागली आहे. बाबांचा उजवा गुडघा सुजला होता, आता उतरला. तुझी खोली मी रोज झाडते. तू म्हणालीस की पुण्याच्या ऑफिसात दिवसभर पडद्यावर नकाशे मोजायचे असतात, पायाला धूळ लागत नाही, आणि पहिल्या तारखेला ते तुला कायम करणार आहेत. तीन वर्षं नोकरी सोडणार नाही अशी सही घेणार आहेत. "बरं झालं आई, माती आपल्याले जमत नाही," असं तू म्हणालीस. तू ते हसत म्हणालीस, पण मला हसू आलं नाही. त्या वाक्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे, पण तिथवर पोचायला मला जरा लांबून यावं लागेल.

मी भिवापूरजवळच्या गावची, मिरची तोडून बोटं जळायची, हे मी तुला शंभर वेळा सांगितलं असेल. तिथल्या मातीबद्दल मात्र कधी सांगितलं नाही. काळीभोर माती. पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल तिथंच राहायची, आणि उन्हाळ्यात अशा रुंद भेगा पडायच्या की आम्ही पोरी त्यात तुरीची काडी घालून खोली मोजायचो. माझी आई वावरात शिरण्याआधी वाकायची, मूठभर माती घ्यायची, दाबायची आणि अंगठ्यानं मोडायची. चिकटून राहिली तर ओल जास्त. भुगा झाला तर कमी. दोन साफ तुकडे झाले की वाफसा आला. तिच्या मागे मीही माती दाबत फिरायचे. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मला पायाखालीच कळायला लागलं होतं.

लग्न करून नागपूरला आले तेव्हा मनोहरराव नावाच्या ठेकेदाराकडे तुझे बाबा कुली होते, मीही तिथंच रेजा म्हणून लागले. मनोहरराव फक्त घरांच्या पायाचं काम घ्यायचे. तेव्हा शहर चारी बाजूंनी पसरत होतं, वावरांचे लेआउट पडत होते, आणि वावर म्हटलं की काळी माती. तिच्यावर घर ठेवता येत नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली की बसते, आणि वरच्या भिंती तिच्यासोबत खालीवर होतात. म्हणून ती कडक लागेपर्यंत खोदून काढायची आणि त्या जागी मुरूम भरायचा. वीतभर थर, पाणी, धुम्मसनं कुटणं, पुन्हा थर. आम्ही रेजा डोक्यावरून घमेली आणून ओतायचो. एकदा हुडकेश्वरकडच्या एका घराला तिसरा थर चालू होता. मी तुझ्या बाबांना म्हटलं, "मुरूम कोरडा हाय, कितीही कुटा, बसाचा नाई." ते हसले. म्हणाले, "तू मिरच्या तोड न वं." दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला, पाणी सोडलं आणि अख्खा थर चार बोटं खाली गेला. मनोहररावांनी सगळ्यांना शिव्या दिल्या. तुझे बाबा पुढच्या थराला घमेलं घेताना हळूच म्हणाले, "जया, पाह्य बरं."

त्या दिवसापासून ते विचारत गेले आणि मी पाहत गेले. मी दाबायचे, मोडायचे, मानेनं हो किंवा नाही सांगायचे, आणि ते जाऊन मनोहररावांना सांगायचे. वर्षभरात मनोहरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "बळीरामच्या हाताले माती समजते." मी दहा पावलांवर पदर खोचून उभी असायचे आणि मला बरंच वाटायचं. खरं सांगते, तेव्हा मला कसलंच वाईट वाटलं नाही. आपलं नाव झालं असं वाटायचं. तू झालीस तेव्हाही मी कामावर होते. साइटवर लुगड्याची झोळी बांधून तुला निजवायचे. धुम्मसच्या आवाजात तू गाढ झोपायचीस आणि काम थांबलं की रडायचीस. मग तू चौथीत गेलीस त्या वर्षी बाबांनी स्वतःचा ठेका घेतला, आणि पहिल्याच कामाच्या सकाळी मी डबा बांधून चपला घातल्या तर ते दारातच म्हणाले, "आता तू घरीच राह्य. ठेकेदाराची बायको घमेलं उचलताना बरी दिसत नाही." त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. मला सुखात ठेवायची त्यांची तीच कल्पना होती. मी चपला काढल्या. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, जयाचं नशीब उघडलं.

नऊ-दहा वर्षं मी तसं धरून चालले. मग तू इंजिनिअरिंगला गेलीस आणि बाबांसोबत साइटवर जायला लागलीस.

दीप्ती, आता जे लिहिते ते कुठल्याही आईनं लेकीला लिहू नये. मला तुझा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. संध्याकाळी तुम्ही दोघं खालच्या खोलीत नकाशा पसरून बसायचात, गुडघ्याला गुडघा लावून. मी चहा आणला की तू न बघता कागद बाजूला सरकवायचीस, थेंब पडू नये म्हणून. आम्ही ज्याला भराव म्हणायचो त्याला तू पॅड म्हणायला लागलीस, मग बाबाही पॅड म्हणायला लागले, मग मजूरसुद्धा. ज्या माणसानं मला घमेल्याची लाज वाटायला लावली, तोच माणूस तुझ्या डोक्यावर पिवळी टोपी घालून चारचौघांत सांगायचा, "माही पोट्टी हाय, इंजिनिअर." तू धुळीनं माखून घरी यायचीस आणि मी तुझे कपडे भिजत घालताना त्यांचा वास घ्यायचे. ओल्या मुरमाचा वास. मला वाटायचं, हे माझं आहे, हिनं माझं घेतलं. लगेच स्वतःचीच लाज वाटायची आणि मी तुझ्यासाठी काहीतरी गोड करायचे. तुला आठवत असेल, तुझ्या शेवटच्या वर्षी आपल्या घरी फार वेळा शिरा व्हायचा.

तुझ्या कॉलेजात प्रोजेक्टचा कार्यक्रम झाला, तो दिवस मी विसरलेले नाही. मी आणि बाबा तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तू वर उभी राहून पडद्यावर दाखवत होतीस की मुरमात किती टक्के पाणी असलं म्हणजे तो सगळ्यात घट्ट बसतो, आणि मग म्हणालीस, "प्रयोगशाळेत आम्हाला हे काढायला दोन दिवस लागतात. माझे बाबा हे मुठीत काढतात." मग तू खिशातून मुरूम काढलास, दाबलास, मोडलास. दोन तुकडे. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. बाबांना उभं राहायला लावलं. ते उभे राहिले, हात जोडले, खाली बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहत होते की घरी जाताना तरी काही म्हणतील. ऑटोत ते एवढंच बोलले, "पोट्टीनं नाव काढलं वं." मी म्हटलं, "कोणाचं?" त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

तुझी चूक नव्हती. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. मला ते तेव्हाही समजत होतं आणि तरी राग तुझाच यायचा. त्यांच्यावर रागवायची मला सवय नव्हती.

आता नऊ नंबरकडे येते.

उमरेड रोडच्या लेआउटवरची चौदा घरं हे तुझं पहिलं स्वतंत्र काम होतं. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मातीचा निर्णय दीप्तीचा, मी मधे बोलणार नाही. फेब्रुवारीत तू खोदकाम सुरू केलंस. मी दर दोन-तीन दिवसांनी डबा घेऊन यायचे. तुम्ही दोघंही बाहेरचं खाऊन घेत होतात, डब्याची गरज नव्हती, हे मला माहीत होतं. मला खड्डे बघायचे असायचे. आणि दीप्ती, तुझं काम सुंदर होतं. काळी माती कोपऱ्याकोपऱ्यांतून खरवडून काढली होतीस, खालचा पिवळा कडक थर झाडून घेतल्यासारखा दिसत होता. मनोहररावांच्या काळात एवढी सफाई मी पाहिली नव्हती.  थोडं चुकलेलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आले तेव्हा नऊ नंबरच्या पॅडचा पाचवा थर भरून झाला होता. ते घर अंजनाबाईंचं. सिस्टर म्हणून आयुष्यभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या, एकट्याच, दोन खोल्यांचं घर बांधणाऱ्या. तू मधोमध बसून तुझी वाळूची चाचणी करत होतीस. थरात छोटा खड्डा घ्यायचा, निघालेला मुरूम तोलायचा, त्या खड्ड्यात वाळू भरून माप काढायचं. तीन ठिकाणी तीन खड्डे, नियमाप्रमाणे. मी मागच्या बाजूनं वर चढले. मागच्या डाव्या कोपऱ्यात पाऊल टाकलं आणि टाच जरा आत गेली. अगदी जराशी. मी वाकले, मूठभर उचललं. वरून पाणी मारलेलं असल्यामुळे सगळं एकाच लाल रंगाचं दिसत होतं, पण मुठीत ते साबणासारखं लागलं. दाबलं, मोडायला गेले तर मोडलं नाही, लांबलं. मुरमात काळी माती होती. खदानीच्या वरच्या थरातून दोन-तीन टिप्पर भरून कोणीतरी आणून टाकले होते, आणि ते नेमके त्या कोपऱ्यात पडले होते.

मी तुला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "आई, तिथं नको न येऊ! थर बिघडतो. तू गाडीत बस, इकडं टेस्ट चालू आहे." तुझ्या आवाजात राग नव्हता. कामात असलेल्या माणसाचा आवाज तसाच असतो. पण रोलरवाला हसला, दोन रेजा माझ्याकडे बघायला लागल्या, आणि बाबा सावलीतून म्हणाले, "उतर वं जया. आता आपला जमाना गेला. साहेब आले."

मी मूठ उघडली. माती खाली पडू दिली. हात पदराला पुसला आणि उतरले.

गाडीत बसून मी तुमच्याकडे पाहत होते. अर्ध्या तासात तुझे तिन्ही खड्डे झाले, तू वहीत आकडे लिहिलेस, हात उंचावून रोलरवाल्याला इशारा केलास आणि सहावा थर पडायला लागला. तेवढ्या अर्ध्या तासात मी कधीही उतरून सांगू शकले असते. मला सगळं समजत होतं. पावसाळ्यात तो कोपरा फुगणार, जोतं उचलणार, भिंत तडकणार, हे मी डोळ्यांनी पाहत असल्यासारखं समजत होतं. आणि मी स्वतःला सांगत होते, तपासू दे की इंजिनिअरला. घरी येऊन त्या संध्याकाळी तूच विचारलंस, "आई, रागावलीस का गं? मी जरा जोरात बोलले." मी म्हटलं, "नाही वं, काहून रागावू?" तेव्हाही सांगता आलं असतं. सहावा थर उकरायला एक दिवस लागला असता, फार तर दोन. मी तुला जेवायला वाढलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. मे महिन्यात भिंती खिडकीच्या वर आल्या. मी डबा आणणं बंद केलं. बाबांना सांगितलं, ऊन सोसत नाही. पाऊस लागला तसा रोज वाटायचं, माझा अंदाज चुकलेला असू दे. आयुष्यात पहिल्यांदा मला मातीनं खोटं पाडावं असं वाटत होतं. ऑगस्टमध्ये अंजनाबाईंचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि बाबांनी "कोणता कोपरा?" असं विचारलं तेव्हा उत्तर मला आधीच माहीत होतं.

त्या दिवशी चौदाही घरांचे मालक जमले होते. मीही आले होते, तुला आठवतं का? मी दाराजवळ उभी होते. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरपी गेलेली भेग, बोट जाईल एवढी. तू ती भेग हातानं चाचपलीस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. तू वही काढून आकडे दाखवलेस. एकानं म्हटलं, आकडे काय चाटायचे? तू म्हणालीस, "पॅड माझं आहे. चूक माझी आहे." आणि मग तुझे बाबा, ज्यांनी तुझ्या डोक्यावर टोपी घातली होती, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीच्या भरवशावर सोडलं, तिथंच माही चूक झाली." तू त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस ती मी ओळखली. त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसून मी तशीच पाहत होते. मला वाटायला हवं होतं की आता बरोबरी झाली. तसं काही वाटलं नाही. मी घराच्या मागे जाऊन बसले.

सप्टेंबरात तू पुण्याला गेलीस. स्टेशनवर बाबा तुझ्या बॅगा चढवत होते आणि तू मला मिठी मारून म्हणालीस, "आई, तू तरी एकदा म्हण न, की माझी चूक नव्हती." मी म्हटलं, "होतं असं कधी कधी." एवढंच म्हटलं मी.

ऑक्टोबरात बाबांनी त्या कोपऱ्याची भिंत उतरवली आणि स्वतः खोदलं. काळे गोळे निघाले. त्यांनी टिप्परवाल्याला शिव्या घातल्या, सगळं काढून नवा मुरूम भरला, जोतं पुन्हा बांधलं. अंजनाबाईंचं घर आता नीट आहे, पुढच्या महिन्यात त्या राहायला जातील. लोकांच्या लेखी गोष्ट संपली. टिप्परवाला चोर निघाला, इंजिनिअर कच्ची निघाली, आणि बळीराम मिस्त्रीनं सावरून घेतलं.

गेल्या रविवारी मी अंजनाबाईंकडे गेले, त्यांच्या भाड्याच्या खोलीवर. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुला सांगायची हिंमत नव्हती, बाबांना तर त्याहून नाही, आणि ज्या बाईचं घर तडकलं तिला तरी सांगावं असं वाटलं असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा केला होता तो तसाच राहिला. मग म्हणाल्या, "बाई, आमच्या वॉर्डात आया असत. शिकलेल्या नव्हत्या, पण पेशंट बिघडून राहिला हे त्यायले डॉक्टरच्या आधी समजे. डॉक्टर त्यायले विचारत नव्हते, वरून खेकसत. तरी त्या सांगत. दहादा सांगत, पाय आपटून सांगत. तू काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, माझा अपमान झाला होता. त्या म्हणाल्या, "अपमान तुहा झाला, अन् भिंत माही फुटली?" मी रडायला लागले तर त्यांनी थांबवलं नाही, पाणीही दिलं नाही. निघताना दारात म्हणाल्या, "मले सांगून काय फायदा? ज्या पोरीनं तुह्यं पाप आपल्या डोक्यावर घेतलं, तिले सांग."

घरी येऊन मी आधी बाबांना सांगितलं.  त्यांनी विचारलं, "त्याच दिवशी समजलं होतं तुले?" मी म्हटलं, हो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आज सात दिवस झाले. मी वाढते, ते जेवतात. त्यांचा राग खरा आहे, मला तो मान्य आहे. त्यांनाही मला एक गोष्ट ऐकवायची होती, की ज्या मुठीवर त्यांचं नाव झालं ती माझी होती, पण अशा वेळी ती सांगितली तर पळवाट काढल्यासारखं होईल म्हणून गप्प राहिले. तुला मात्र वर लिहिली आहे, कारण तुला सगळंच कळायला हवं.

दीप्ती, तुझ्या तिन्ही खड्ड्यांचे आकडे खरे होते. चौथा खड्डा कुठे घ्यायचा ते फक्त मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुझी चूक नव्हती. स्टेशनवर तू मागितलंस ते वाक्य हे. अडीच महिने उशिरा देते आहे. तू मला माफ करावंस असं मी लिहिणार नाही, ते तुझं तू बघ.

हे सांगितल्यावर आता पत्र खरं कशासाठी लिहिलं ते लिहिते. रामटेक रोडवर सोळा घरांचं काम आलं आहे. धानाची जमीन आहे, ओल धरून ठेवणारी, उमरेड रोडपेक्षा कठीण. त्यांना इंजिनिअरची सही हवी आहे, आणि बाबा नाही म्हणणार आहेत, कारण सही करणारी पुण्याला बसली आहे. गुरुवारी मी कोणालाही न सांगता बसनं तिथं गेले, चपला हातात घेऊन बांधावरून सगळं शिवार फिरले. पश्चिमेकडच्या चार घरांखाली खूप खोल खोदावं लागेल. हे मी यावेळी आधीच सांगून ठेवते आहे. पहिल्या तारखेच्या आधी तू विचार कर. तू आलीस तर मला तुझ्या हाताखाली कामावर घे. आई म्हणून डबा घेऊन येणार नाही. सकाळी आठला हजेरी लावीन, हजेरीच्या वहीत माझं नाव लिही, आणि प्रत्येक थर पडण्याआधी मला एकदा विचार. माझ्या सांगण्यावर तुझी चाचणी लाव, खोटी ठरले तर सगळ्यांसमोर तसं सांग. तुला पिवळ्या टोपीत पाहून मला पुन्हा हेवा वाटेल. तो गेलेला नाही, जाईल असं मी लिहून देत नाही. पण यापुढे माती चुकली तर मी त्याच घडीला थरावर उभी राहून ओरडेन, तू कितीही वेळा म्हटलंस की गाडीत जाऊन बस, तरी उतरणार नाही.

उत्तराची वाट पाहते. नाही म्हणायचं असेल तरी कागदावर लिहून पाठव.

तुझीच आई,
जया बळीराम गजभिये